गोदीच्या मातीवर हद्दीचा दगड

"ठिव इथं," पाटील म्हणाला.

माझ्या डोक्यावर दगड होता. चुन्यानं पांढरा केलेला, हातभर लांब. हद्दीचा दगड. मी उभीच राहिले. पाय पुढं जाईनात. पाटलानं काठीनं दाखवलेली जागा मला माहीत होती. बाभळीपासून चार पावलं, नाल्याच्या अंगाला. तिथं माझी गोदी पुरलेली होती.

गोदी माझी पहिली पोरगी. दोन वर्षांची होऊन मरीच्या साथीत गेली. सकाळी जुलाब लागले, संध्याकाळी संपली. तिला पुरून वर्षही झालं नव्हतं.

"इथं माझं लेकरू हाय, मालक," मी म्हणाले.

पाटलानं गिरदावराकडं पाहिलं. गिरदावर म्हणजे जमीन मोजायला आलेला सरकारी साहेब. तो बाभळीच्या सावलीत खुर्ची टाकून पान खात बसला होता. पाटील हसला. मग माझ्याकडं वळला.

"मग सांग तिला, उठून बाजूला सर म्हणावं."

सगळे हसले. कुलकर्णी हसला. मापाची साखळी धरलेले दोघं हसले. गिरदावराला मराठी येत नव्हती. त्याला कोणीतरी समजावून सांगितलं. मग तोही हसला.

मी दगड ठेवला.

हे मला पहिल्यांदा सांगायचं आहे. पुढं मी काय केलं ते आमची माणसं सांगतात, कौतुकानं सांगतात. हे कोणी सांगत नाही. मीही पुष्कळ वर्षं सांगितलं नाही. मी दगड ठेवला. वाकले, खाली टेकवला, सरळ उभा केला. बाकीच्या दगडांना पायानं माती दाबली होती. याला हातानं दाबली. एवढाच काय तो फरक. पोटात दुसरं होतं, चौथा महिना. भीती इतकी होती की रडूसुद्धा आलं नाही.

आमचं गाव कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या सडकेपासून थोडं आत. राज्य निजामाचं. नाका ओलांडला की इंग्रजाचं वऱ्हाड. गावाच्या खालच्या अंगाला आमचा महारवाडा. त्याच्या पुढं नाला, नाल्यापलीकडं गायरान, आणि गायरानाच्या पल्याड बंजाऱ्यांचा तांडा. गायरानात तांड्याची ढोरं चरायची. नाल्याच्या काठी वाळूत आमचा झिरा होता. गावची विहीर आम्हाला बंद, तांड्यालाही कोणी धड पाणी भरू देत नसे. त्यामुळं दोघंही त्याच झिऱ्याचं पाणी प्यायचो. आणि बाभळीच्या बाजूनं आमची मेलेली माणसं. माझा सासरा तिथं. सासऱ्याचा बाप तिथं. गोदी तिथं.

त्या दिवशी मला वेठीला बोलावलं होतं. वेठ म्हणजे पाटलानं हाक मारायची आणि आपण हातातलं टाकून जायचं. दगड वाहायचे आहेत एवढंच सांगितलं. कशाचे ते नाही सांगितलं. संध्याकाळी परत निघताना मी गिरदावराच्या चपराशाला विचारलं.

तो म्हणाला, "सरकी काढायचा कारखाना होऊन राहिला ना बाई इथं. हिंगोलीच्या शेठचा. तुमाला माहीत न्हाई? चावडीत इश्तिहार लावला हाय की."

चावडीत. आतल्या भिंतीवर. चावडीला तीन पायऱ्या होत्या, आणि त्यातली पहिलीसुद्धा आम्हाला चढायची बंदी होती. गायरान मोडून तिथं कारखान्याला जमीन द्यायची आहे, ज्याची हरकत असेल त्यानं सांगावं, असं त्या कागदावर लिहिलेलं. उर्दूत. आणि तो कागद जिथं आमचा पाय पोचत नाही तिथं चिकटवला होता.

पाटलाची स्वतःची जमीन सडकेला लागून होती. कापसाच्या गाड्या तिथूनच जायच्या. कारखान्याला ती सोयीची होती. पण ती काळी होती. काळी कोण देतं? आमची मढी आणि तांड्याची ढोरं, ती जागा सरकारी. ती द्यायला काही लागत नव्हतं.

घरी आले. नवरा अंगणात दोर वळत बसला होता. गावाची येसकरी त्याच्याकडं होती, दवंडी देणं त्याचंच काम.

"तुमी दवंडी काहून दिली न्हाई?" मी विचारलं.

"दिली की. गावात दिली." त्यानं वर पाहिलं नाही. "पाटील म्हणले, महारवाड्यात अन् तांड्यावर द्यायचं काम न्हाई."

"म्हंजे तुमाला ठाव व्हतं."

तो दोर वळत राहिला. सासू चुलीपुढून म्हणाली, "पोटुशी हायस. गप ऱ्हा."

मी गप राहिले. तीन-चार दिवस. झिऱ्यावर जायचे, पाणी भरायचे, खाली मान घालून यायचे. जाता-येता तो पांढरा दगड दिसायचा. लांबूनही दिसायचा. मी तिकडं पाठ करून घागर भरायचे.

तिथंच केसली भेटली. तांड्यावरची बाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. हातभर बांगड्या, बोलणं रोखठोक. तिच्या सात गायी होत्या. तिनं दगड मोजले होते, कुठून कुठवर आहेत ते चालून पाहिलं होतं.

"झिरा बी आत घेतला," ती म्हणाली. "पाणी बी त्यांचंच झालं."

"मग आता?"

"आमचा नाईक भिऊन राहिला. म्हणतो, सरकारशी कोण लढल? तुझा नवरा बी भेतो. मी बी भेते. पर कचेरीत जाऊन पाहू तर. खाऊन टाकते का कचेरी?"

मला वाटलं, टाकेल. खरंच वाटलं. कचेरी मी कधी पाहिली नव्हती. तिच्याविषयी ऐकलेलं ते सगळं कोणाला तरी बांधून नेल्याचं.

तरी गेले. सासूला म्हणाले, केसलीबरोबर सरपणाला जाते. उजाडताना आम्ही सडकेला लागलो. चालत हिंगोली म्हणजे दुपार उलटते. अर्ध्या वाटेत मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पाटलाची दमणी. असे घुंगरू गावात दुसऱ्या कोणाच्या बैलांना नव्हते. आम्ही दोघी तुरीच्या रानात शिरलो आणि खाली बसलो. केसलीनं बांगड्या वाजू नयेत म्हणून हात छातीशी आवळून धरले. दमणी गेली. धूळ बसली. तरी आम्हाला उठवेना. किती वेळ बसलो कोण जाणे. माझ्या पोटात लेकरू पहिल्यांदा हललं ते तिथं. चांगल्या वेळी हलावं, असं बायका म्हणतात. माझं भीतीत हललं.

कचेरीबाहेर लिंबाखाली अर्ज लिहिणारे बसायचे. आम्ही सगळ्यात म्हातारा पाहून त्याच्यापुढं उभ्या राहिलो. लांब उभ्या राहिलो, सवयीनं. त्याच्या चष्म्याची एक काडी मोडलेली होती, तिथं दोरा बांधलेला. लोक त्याला मुन्शीजी म्हणत होते.

"इतनी दूर से क्या सुनाई देगा? इधर बैठो," तो म्हणाला.

बसले. सांगू लागले. गोदीचं सांगताना तेव्हा कुठं रडू आलं, इतक्या दिवसांचं. तो थांबला. दऊत बाजूला सरकवली. मग म्हणाला,

"रोना बाद में, बाई. पहले हक बोलो. उस जमीन पे तुम्हारा क्या है?"

हक. हा शब्द मी ऐकला होता. पाटलाचा हक, कुलकर्ण्याचा हक, देवळाचा हक. आपल्याला कोणी तो विचारील असं वाटलं नव्हतं. मी केसलीकडं पाहिलं.

"ढोरं चारतो," केसली म्हणाली. "बाप चारत व्हता."

"पाणी," मी म्हणाले. "दुसरं पाणी न्हाई आमाला." मग म्हणाले, "आमची मढी."

तो लिहीत गेला. उलट्या बाजूनं, उजवीकडून डावीकडं. मग म्हणाला, "नाम?"

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, म्हणून मी केसलीला खूण केली. तिनं ते सांगितलं.

"उनका नहीं. हरकत तुम्हारी है ना? तुम्हारा नाम."

मी नाव सांगितलं. त्यानं लिहिलं. सगळा अर्ज वाचून दाखवला. आम्हाला निम्माच कळला, पण त्यात माझं नाव आलं तेव्हा अंगावर काटा आला. आनंदानं नाही. आता लपायला जागा राहिली नाही, असं वाटलं.

अंगठा घेऊन तो म्हणाला, "तहसीलदार साहब दौरे पे आएंगे. सब के सामने पूछेंगे, किसकी हरकत है. उस वक्त मुँह से बोलना पड़ेगा. नहीं बोले तो ये कागज कागज ही रहेगा."

गावात कळायला दोन दिवस लागले.

पाटील स्वतः आला नाही. त्याचा गडी आला. आमच्या अंगणाच्या कडेला उभा राहिला. शिव्या दिल्या नाहीत. आवाज चढवला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

"हिंगोलीला गेली व्हतीस म्हणं." मग आमच्या छपराकडं पाहत म्हणाला, "गवताचीच हायत ना तुमची घरं. ऊन बी लई तापून राहिलं औंदा."

एवढंच. गेला.

त्या दिवसापासून सासू दारातच बसायची. उठायचीच नाही. पाण्यानं भरलेली मडकी तिनं भिंतीला लावून ठेवली होती. शेजारपाजारचे आमच्याशी बोलेनात. मला दोष देत होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. आग लागली तर एका घराला लागत नाही. एक म्हातारा नवऱ्याला म्हणाला, "बायकोला आवर, न्हाईतर सगळी वाडी जळल." तांड्यावर नाईकानं केसलीला गावात यायची मनाई केली. मी एकटी पडले. रोज ठरवायचे की बोलायचं नाही. तहसीलदारानं विचारलं तर खाली पाहायचं. असं ठरवलं की थोडी झोप लागायची.

तहसीलदार आला त्या दिवशी चावडीपुढं सगळं गाव जमलं. वर गादीवर साहेब. बाजूला पाटील, कुलकर्णी, हिंगोलीचा शेठ. पायऱ्यांवर गावातले शेतकरी. खाली उन्हात आम्ही. मी बायकांच्या मागं उभी होते, दिसू नये अशी.

पाटलानं एक कागद काढला. महारवाड्याची काही हरकत नाही, असं त्यावर लिहिलं होतं. खाली अंगठे. कुलकर्णी एकेक नाव वाचू लागला. तिसरं नाव माझ्या नवऱ्याचं होतं.

मी त्याच्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं पाहत होता. कान लाल झालेले. मला राग आला नाही. दगड मीही ठेवलाच होता.

"किसी की हरकत?" तहसीलदारानं विचारलं.

साहेबानं लेखणी दऊतीत बुडवली. मला दिसलं, की आता तो लिहिणार. लिहिलं की संपलं.

"माझी हाय," मी म्हणाले.

आवाज धड निघालाच नाही. नुसती पुटपुटले. पुढच्या बाईनं मागं वळून पाहिलं आणि ती बाजूला झाली. तिच्यापुढची बाजूला झाली. मी उघडी पडले.

"माझी हरकत हाय."

"कौन बोला? सुनाई नहीं देता. ऊपर आओ."

पाटील पटकन म्हणाला, "ती खालूनच बोलंल, साहेब. तिला वर येता येत न्हाई."

"क्यों? लंगडी है क्या?"

रोज सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट पाटलाला साहेबापुढं तोंडानं सांगता येईना. तेवढ्या वेळात मी निघाले. पायऱ्यांवरचे शेतकरी अंग चोरून दोन्हीकडं सरले, जसं काही मी पेटलेली आहे. पहिली पायरी. दुसरी. माझ्या मांड्यांवरून गरम पाणी वाहत होतं. लुगडं ओलं झालं. मला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. तिसरी पायरी. वर.

ही माझी शूरपणाची गोष्ट म्हणून सांगतात. वर जाताना मी मुतले होते. तेही सांगा म्हणते मी.

मुन्शीनं सांगितलं तसं बोलले. पाणी. ढोरं. मढी. तीन शब्द, पुन्हा तेच तीन शब्द.

"येडी हाय, साहेब," पाटील म्हणाला. "लेकरू मेलं तवापसून डोकं फिरलं."

मी त्याच्याकडं वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तोवर त्याचे जोडेच पाहिले होते.

"मालक, तुमी म्हणलात, तिला उठून सर म्हणावं. म्या सांगून पाहिलं. ती उठली न्हाई. म्हणून म्या आले."

कोणी हसलं नाही.

तहसीलदारानं कुलकर्ण्याला विचारलं, "वहाँ कब्रस्तान है?"

"नकाशात न्हाई, साहेब."

"नक्शे में नहीं पूछा. जमीन में पूछा."

तेवढ्यात मागून, गर्दीच्या पार शेवटून बांगड्या वाजल्या. केसली आली होती, नाईकाचं न ऐकता. तिथूनच ओरडली, "आमची बी हरकत हाय! तांड्याची बी!"

साहेबानं आमचं लिहून घेतलं. माझा अंगठा घ्यायचा होता. कुलकर्ण्यानं शाईची डबी हातानं दिली नाही, रुळानं ढकलली. मी अंगठा बुडवला आणि दाबला. जोरानं दाबला.

मी खाली उतरले, साहेबाचा घोडा गावाबाहेर पडला, आणि लगेच पाटलानं चावडीच्या पायऱ्या गोमूत्रानं धुवून घेतल्या. सगळ्या गावादेखत. मी घराकडं जाता जाता झाडूचा आवाज ऐकत होते.

मग जे व्हायचं ते झालं. शेतावर कामाला आम्हाला कोणी बोलवेना. वाण्यानं मीठ देणं बंद केलं. चौथ्या दिवशी तांड्यावरची केसलीची गवताची गंजी भर दुपारी पेटली. आठवड्यानं नवऱ्याला नाल्यात गाठून मारलं. त्याचा उजवा हात मोडला. झाडपाल्यानं बांधला तो वाकडाच बसला. मला वाटलं, आता हा म्हणेल, जा आणि अंगठा मागं घे. मी वाटच पाहत होते. म्हणाला असता तर, खरं सांगते, मी गेले असते.

तिसऱ्या दिवशी मी त्याला पेज पाजत होते. म्हणाला, "तू मागं घेऊ नको."

आणि तोंड फिरवलं.

हुकूम पुढं बऱ्याच दिवसांनी आला. झिरा आणि मढ्यांची पट्टी सोडली. बाकीचं सगळं गायरान शेठला दिलं. गोदीच्या मातीवरचा दगड सरकारी माणसांनी काढून पलीकडं लावला. आमचं थोडं वाचलं. तांड्याचं काहीच वाचलं नाही. केसलीनं गायी विकल्या. पाऊस पडायच्या आधी तिचं घर वारंग्याकडं कुठं तरी निघून गेलं. जाताना ती झिऱ्यावर आली. मी काय बोलणार? माझी मढी राहिली, तिची ढोरं गेली. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि गेली. परत दिसली नाही.

मला पोरगीच झाली.

कारखान्याच्या भिंती उभ्या राहिल्या, मग मुलखात गडबड सुरू झाली. रझाकार आले, शेठ पळाला, भिंती तशाच राहिल्या. मग निजामाचं राज्य गेलं. नाक्यावर झेंडा लागला. पाटलानं पांढरी टोपी घातली. तोच पाटील. त्यानं मिठाई वाटली, आमच्या वाडीतसुद्धा पाठवली. महिना गेला नाही तो शेठ परत आला, आणि गावात नवा कागद आला. कारखान्याला जागा कमी पडते. नाल्यापर्यंतची पट्टी पाहिजे.

या वेळी पाटलानं मला चावडीपुढं बोलावलं. गोड बोलला. मला 'बाई' म्हणाला.

"आता आपलं राज्य आलं, बाई. आता कुणाविरुद्ध हरकत करता? घरातलीच गोष्ट हाय. दे अंगठा, मोकळी हो."

कुलकर्ण्यानं कागद पुढं केला. या वेळी हातानं केला. नवऱ्याचा वाकडा हात डोळ्यांपुढं आला. घरात सात-आठ वर्षांची पोरगी होती, आणि घर अजून गवताचंच होतं.

"न्हाई," मी म्हणाले.

"विचार कर."

"केला. न्हाई."

तेव्हापासून मी एक जाणून आहे. मी वाट पाहत होते, की भीती जाईल आणि मग मी नीट बोलेन. भीती जात नाही. राज्य गेलं तरी ती गेली नाही. ती जाईपर्यंत थांबलं, तर तोवर कागद लिहून होतो, त्यावर अंगठे होतात आणि भिंत उभी राहते. म्हणून भीत भीतच बोलायचं. आवाज फाटला तर फाटू द्यायचा. लुगडं ओलं झालं तर होऊ द्यायचं.

माझ्या हरकतीवर नवी सुनावणी हिंगोलीला आहे. या वेळी मी चोरून जाणार नाही. भर सडकेनं जाणार, आणि वाडीतल्या ज्या बाया येतील त्यांना घेऊन जाणार. कोणी आली नाही तर एकटी. ही सुनावणी हरले तर पुढची. पट्टीवर माप घ्यायला आले, तर त्यांना आधी माझ्या अंगावरून साखळी ओढावी लागेल. आणि पुन्हा वेठीला हाक मारली तर या घरातून कोणी उठणार नाही. मी नाही. माझा नवरा नाही. माझी पोरगी तर नाहीच.